सायकलीचे दागिने

सायकलीविषयी तक्रार करणारा माणूस क्वचितच भेटतो. ती गंजली, तिचा रंग उडाला, चालताना ती कुरकुरू लागली, तरी तिच्याविषयी बोलताना मालकाच्या बोलण्यात घरातल्या वडीलधाऱ्या माणसाविषयी असावा तसा आदर असतो. परंतु त्याच मालकाच्या घरी माळ्यावर पत्र्याची एक पेटी असते आणि ती उघडली की निराळाच इतिहास बाहेर पडतो. काच फुटलेला दिवा, रबर तडकलेला भोंगा, आकडे अडकून बसलेले मैलमापक, एका पावसाळ्यात कुजलेले सीटचे मखमली आवरण, आणि कशाला तरी बसत असावी, पण कशाला हे आता कोणासही सांगता येणार नाही, अशी एखादी पितळी पकड. सायकलीला शोभा यावी, सोय व्हावी म्हणून हौसेने घेतलेले हे दागिने. सायकल टिकली आणि दागिने पेटीत गेले. असे का व्हावे, हा प्रश्न वरवर पाहता विनोदाचा वाटतो. पण तो गृहस्थाच्या खिशाचा प्रश्न आहे, आणि त्याचा एक भाग तर जिवाचा आहे.

पुणे हे सायकलींचे शहर म्हणून गाजत होते त्या काळातल्या पुण्यात या प्रश्नाचा उलगडा झाला नसता. तेथे रस्त्यावर दिवे होते आणि दुरुस्तीचे दुकान हाकेच्या अंतरावर होते. दागिना बिघडला तर माणूस खाली उतरून, सायकल हातात धरून, गप्पा मारीत घरी जाई. दागिन्याची खरी परीक्षा व्हायची ती जतसारख्या मुलखात.

जत हे सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडील तालुक्याचे गाव. १९४८ पर्यंत ते डफळे घराण्याच्या संस्थानाची राजधानी होते. विलीनीकरणानंतर हा मुलूख १९४९ मध्ये निर्माण झालेल्या दक्षिण सातारा जिल्ह्यात आला आणि १९६० मध्ये त्या जिल्ह्याचे नाव सांगली झाले. नाव सांगली असले तरी सांगलीच्या कृष्णाकाठाशी जतच्या भूमीचे नाते फारच दूरचे. सह्याद्रीने पावसाचा वाटा आधीच काढून घेतल्यावर येथवर जे उरते ते वर्षाला सुमारे ५०० मिलिमीटर, आणि तेही येईल तेव्हा खरे. म्हैसाळच्या उपसा योजनेचे पाणी अलीकडे तालुक्याच्या काही भागात पोचले, डाळिंबाच्या आणि द्राक्षांच्या बागा उभ्या राहिल्या. तरीही माळ, मुरूम आणि वारा ही जतची जुनी त्रयी आहे तशीच आहे. वाऱ्याची साक्ष हवी असेल तर माळांवर उभ्या राहिलेल्या पवनचक्क्या पाहाव्यात. जिल्ह्याचे ठिकाण येथून ८०-९० किलोमीटर दूर, विजापूर त्याहून जवळ. बाजारात मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषा एकाच वाक्यात सुखाने नांदतात. उमदी, संख, माडग्याळ, डफळापूर, गुड्डापूर ही गावे एकमेकांपासून इतकी लांब पसरलेली की, शाळेचा मास्तर, टपालवाला आणि बाजारकरी या सर्वांना सायकल ही चैन नसून दोन पायांच्या जोडीला मिळालेले आणखी दोन पाय होते.

अशा गावी दागिना येई कसा? तो आधी कागदावर येई. मासिकाच्या शेवटच्या पानांवर दिव्याचे चित्र असे. त्यातून निघणारे किरण पानाच्या कडेपर्यंत काढलेले असत आणि खाली ‘व्ही. पी. ने मागवा’ अशी सूचना असे. पार्सल मुंबईहून किंवा कलकत्त्याहून निघे. मिरज-कुर्डुवाडी या बार्शी लाइट रेल्वेच्या अरुंद मार्गावर ‘जत रोड’ नावाचे स्थानक होते, आजही त्या नावाचे स्थानक आहे. त्या नावातला ‘रोड’ हा शब्दच प्रवाशाला पुढचे सारे सांगून टाकतो. गाव तेथून बरेच पुढे. व्ही. पी. ची गंमत अशी की, पैसे आधी टपालवाल्याच्या हाती मोजायचे आणि पुडके नंतर सोडायचे. चित्रातला दिवा आणि पुडक्यातला दिवा यांची गाठ पडे तेव्हा पैसे जत सोडून परत निघालेले असत. आज फोनवर बोट ठेवून वस्तू मागवता येते आणि न आवडल्यास काही दिवसांत परतही करता येते. ही सोय मोठीच. परंतु दागिन्याचा खोटेपणा काही दिवसांत कळत नाही. त्याला एक उन्हाळा आणि एक पावसाळा जावा लागतो.

दागिन्यांत पहिला मान दिव्याचा, आणि निराशेतही पहिला मान त्याचाच.

अगदी आरंभी रॉकेलच्या बत्त्या होत्या. धक्क्याने वात खाली बसे, समोरच्या वाऱ्याने ज्योत विझे, आणि जतच्या रस्त्यावर या दोन्ही गोष्टी एकाच वेळी होत. मग विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर कार्बाइडचा दिवा आला. खालच्या डबीत कॅल्शियम कार्बाइडचे खडे, वरच्या डबीत पाणी. पाण्याचा थेंब खड्यावर पडला की ॲसिटिलीन वायू तयार होतो आणि तो जळून पांढराशुभ्र उजेड देतो. उजेडाच्या बाबतीत जाहिरात खोटी नव्हती. यात्रेतल्या दुकानांतून हाच उजेड पुढे कित्येक वर्षे लोकांनी पाहिला. परंतु यात्रेतले दुकान स्थिर असते आणि सायकल उड्या मारते. प्रत्येक खाचखळग्याबरोबर एकाऐवजी चार थेंब पडत, ज्योत भडके, मग खडे चिखलात बुडत आणि दिवा खोकत खोकत विझे. घरी आल्यावर डबीतला चुन्याचा लगदा खरवडून काढायचा, छिद्रात तार घालून ते मोकळे करायचे आणि हाताचा लसणासारखा उग्र वास धुऊन काढायचा. धुवायला पुन्हा पाणीच! ज्या मुलखात उन्हाळ्यात घागरीघागरीचा हिशेब ठेवावा लागे, तेथे पाण्यावर चालणारा दिवा विकत घेणे म्हणजे घरात आणखी एक जनावर बांधण्यासारखे होते.

म्हणून डायनामो आला तेव्हा त्याचे स्वागत अवताराचे झाले. तेल नको, पाणी नको, खडे नकोत. चाक फिरले की उजेड. टायरच्या कडेला टेकणारी ती बाटलीच्या आकाराची वस्तू ६ व्होल्ट आणि ३ वॅटची असे. इंग्लंडातल्या आणि जर्मनीतल्या नामांकित कारखान्यांनी ती उत्तम बनवली होती, यात शंका नाही. दुकानदार सायकल स्टँडवर चढवी, दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्याकडे हँडल वळवी आणि हाताने पॅडल गरागरा फिरवी. भिंतीवर चंद्र उगवे. तेवढ्या चंद्रावर सौदा होई. पण स्टँडवरच्या चाकाला चढ नसतो, वारा नसतो, कॅरिअरवर ज्वारीचे पोते नसते, आणि हाताने ते ज्या वेगाने फिरते त्या वेगाने जतचा मास्तर घरी परतत नाही. सायकलीच्या जवळजवळ प्रत्येक दागिन्याची विक्री उभ्या सायकलीवर होते, हे या सगळ्या निराशेचे मूळ आहे.

ठरलेला उजेड मिळण्यास सायकल ताशी १५ किलोमीटरच्या आसपास चालावी लागते. सामान्य माणूस फार न दमता दीर्घकाळ जी शक्ती पॅडलवर लावू शकतो ती ७५ वॅटच्या जवळपास असते. ३ वॅटच्या दिव्यासाठी जुना डायनामो प्रत्यक्षात घर्षणासकट त्याच्या दुप्पट-तिप्पट शक्ती मागे. म्हणजे दिवसभर शिकवून दमलेल्या माणसाच्या बळाचा जवळजवळ दहावा हिस्सा दिवा खाई. आषाढातला पश्चिमेचा वारा तोंडावर घेऊन जतकडे येणाऱ्या माणसाला हा दहावा हिस्सा नेमका जाणवे. तो डायनामो उचलून ठेवी आणि चांदण्याच्या भरवशावर पुढे निघे.

त्यापलीकडेही या यंत्राचे काही स्वभावदोष होते. चढावर वेग कमी झाला की उजेड पिवळा, मग तांबडा, मग नाहीसा होई. आणि खड्डा नीट पाहण्यासाठी वेग कमी करावा तर खड्डा दिसेनासा होई. उतारावर उलट प्रकार. वेग वाढला की व्होल्ट वाढत आणि पुढचा बल्ब उडे. तो उडाला की सारा प्रवाह मागच्या लहान बल्बावर येई आणि क्षणात तोही जाई. भर वेगात दोन्हीकडे एकदम काळोख. पावसात टायरच्या ओल्या कडेवर डायनामोची चकती घसरे. शिवाय अनेक दिव्यांना एकच तार असे, परतीचा प्रवाह सायकलीच्या लोखंडातून जाई. पकडीचा स्क्रू रंगाचा थर फोडून लोखंडाला भिडला नाही, किंवा तेथे गंज चढला, तर यंत्र निर्दोष असूनही उजेड नसे. हे पत्रकात लिहिलेले असे खरे, पण ते इंग्रजीत आणि अगदी बारीक टाइपात.

सायकलीच्या दुकानात मग पुढच्यासारखा संवाद घडे. असले संवाद जतच्या आसपास कोणत्याही गावी कानी पडण्यासारखे होते.

“अहो मिस्त्री, महिन्यापूर्वी बसवला हा दिवा. मुंबईचा माल म्हणून घेतला.”

“माल चांगलाच हाय, गुरुजी. दिव्यात खोट न्हाई.”

“मग खोट कशात आहे? रस्त्यात?”

“रस्त्यात बी न्हाई. ह्या दोघांची सोयरीक जमली न्हाई, एवढंच.”

मिस्त्रीचे हे निदान जितके विनोदी तितकेच अचूक मानावे लागेल. दिवा ज्या रस्त्यासाठी घडला तो बर्मिंगहॅमचा होता. पक्का, बहुधा सपाट, आणि अंधार पडताच खांबावर उजेड असलेला. तेथे सायकलीचा दिवा दुसऱ्याला दिसावा यासाठी हवा होता. जतच्या माणसाला तो स्वतःला दिसावे यासाठी हवा होता. एकाच वस्तूकडून मागितलेली ही दोन अगदी निराळी कामे, आणि जाहिरातीत त्यांचा भेद कोठेच केलेला नसे.

दिव्यानंतर काटा. हा तर जतचा खास शत्रू. बाभळीचा काटा सर्वांस माहीत आहे. पण सायकलवाल्याला खरे छळतो तो सराटा, ज्याला गोखरू म्हणतात आणि सीमेपलीकडे कन्नडमध्ये नेग्गिलु म्हणतात. पावसाच्या चार सरी पडल्या की रस्त्याच्या कडेने जमिनीसरपट पसरणारी, पिवळ्या नाजूक फुलांची ही वेल फार गरीब दिसते. फळ वाळले की त्याचे पाच तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्याला टणक काटे असतात. तुकडा कसाही पडो, एक काटा आकाशाकडे तोंड करूनच राहतो. निसर्गाने जनावरांच्या खुरांतून बी दूरवर पोचवण्यासाठी केलेली ही योजना; तिच्यात सायकल आयतीच सापडली.

काट्यावर विकला गेलेला पहिला उपाय म्हणजे टायर आणि ट्यूब यांच्यामध्ये घालावयाची जाड पट्टी. पहिले काही आठवडे पट्टी काम करी आणि मालक चार लोकांत तिची स्तुती करी. नंतर ती आत सरके, तिच्या कडेला घडी पडे आणि ती कडाच ट्यूबला घासून घासून पातळ करी. मग पंक्चर होई ते बाहेरच्या काट्याने नव्हे, आतल्या रक्षकाने. हे पंक्चर ठिगळाने बरे होत नाही, कारण तेथे भोक नसते, लांबलचक झिजलेली रेघ असते. दुसरा उपाय भरीव टायरचा. त्यात हवाच नाही, तेव्हा पंक्चरही नाही, तर्क बिनतोड. पण हवा ही सायकलीत केवळ काट्याची भक्ष्य म्हणून भरलेली नसते, धक्का खाण्यासाठी भरलेली असते. ती गेली की प्रत्येक दगडाचा हिशेब स्पोकना, रिमला आणि स्वाराच्या मणक्याला चुकवावा लागतो, आणि सायकल ओढायला जड होते ती निराळीच. अलीकडे ट्यूबमध्ये सोडण्याचा चिकट द्रव मिळतो. बारीक भोके तो खरोखर बुजवतो, पण वाळून निकामी झाला की पुन्हा घालावा लागतो, आणि मोठ्या बाभूळकाट्यापुढे त्याचेही काही चालत नाही. वर ठिगळ लावायची वेळ आली की त्या चिकट ट्यूबवर सोल्यूशन धरत नाही म्हणून मिस्त्री कपाळाला हात लावतो.

विकत न मिळणारा एक उपाय मात्र जुने स्वार करीत. सायकल घरात घेण्यापूर्वी चाक हळूहळू फिरवून टायर डोळ्यांनी पाहायचे आणि त्यात रुतलेला काटा ट्यूबपर्यंत पोचण्याआधी नखाने किंवा चिमट्याने काढून टाकायचा. काटा पहिल्याच फेरीत क्वचित आरपार जातो. पुष्कळदा तो शेकडो फेऱ्यांनी आत ठोकला जातो.

हवेच्या या टायरच्या इतिहासात १८८८ हे वर्ष महत्त्वाचे आहे. बेलफास्टमधील जनावरांचे डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप यांनी त्याचा स्वामित्वहक्क त्या वर्षी नोंदवला. त्याच १८८८ साली, जतच्या नैर्ऋत्येस असलेल्या बेळगावात, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आपले बंधू रामूअण्णा यांच्या साहाय्याने सायकलीचे दुकान काढले. लक्ष्मणराव तेव्हा मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवीत. पुढे हे बंधू सायकलीपाशी थांबले नाहीत. कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर यांकडे वळले, आणि १९१० मध्ये औंध संस्थानातल्या कुंडलजवळच्या ओसाड माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. तो माळ आज सांगली जिल्ह्यातच आहे. नांगराची कथा सायकलीच्या दागिन्यांच्या अगदी उलट आहे, म्हणून ती येथे आठवते. लोखंडाने जमिनीत विष पसरेल अशा समजुतीने शेतकरी नांगराला हात लावीत ना. गिऱ्हाईक मिळण्यास फार वाट पाहावी लागली. परंतु नांगर शेतात घालून, त्याच शेतकऱ्याच्या मातीत चालवून दाखवता येत होता, आणि शेवटी त्याच मातीने त्याच्या बाजूने निकाल दिला. डायनामोचा चंद्र मात्र दुकानाच्या भिंतीवर उगवत राहिला. गिऱ्हाइकाने हट्ट धरून तो रात्री चढावर नेऊन पाहिला असता तर कित्येक रुपये वाचले असते. असा हट्ट कोणी धरीत नसे, कारण तो असभ्य समजला जाई.

मैलमापकाची गोष्ट थोडक्यात सांगता येईल. अमेरिकेत कर्टिस वीडर याने १८९५ मध्ये ते काढले. पुढच्या चाकाच्या स्पोकला एक खिळी, ती प्रत्येक फेरीस एका दातेरी चक्राला टिचकी मारी आणि आकडे सरकत. २८ इंची चाकाचा परीघ सुमारे ८८ इंच, म्हणजे मैलास ७२० फेऱ्या. हिशेब सुंदर आहे. पण २६ इंची चाकासाठी बनवलेले यंत्र २८ इंची चाकाला बसवले की १० मैलांच्या रपेटीला ते जेमतेम सव्वानऊ मैल दाखवी. दर फेरीला होणारी टिकटिक ऐकून पहिल्या दिवशी अभिमान वाटे, आठव्या दिवशी डोके उठे. आणि जत ते डफळापूर अंतर किती, हे त्या वाटेवरच्या प्रत्येकाला पायांनी ठाऊक होते.

सीटच्या बाबतीत मनुष्यजात कोठेही शहाणी झालेली दिसत नाही. इंग्रज विनोदकार जेरोम के. जेरोम याने १९०० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘थ्री मेन ऑन द बमेल’ या सायकल-प्रवासाच्या पुस्तकात आरोग्यदायक म्हणून विकल्या जाणाऱ्या सीटांची यथेच्छ थट्टा केली आहे. शंभराहून अधिक वर्षे उलटली आणि त्याच आशेने आज जेलीने भरलेली मऊ आवरणे विकली जातात. दुकानात अंगठ्याने दाबून पाहिले की ती लोण्यासारखी लागतात. परंतु बसलेल्या माणसाचा भार दोन हाडांवर असतो. घट्ट ताणलेले चामडे त्या हाडांना आधार देते; फार मऊ गादीत हाडे रुततात आणि मधला भाग वर येऊन नको तेथे दाब देतो. पाऊण तासानंतर कठीण सीटची आठवण येऊ लागते. त्यात जतचे ऊन. उन्हात उभी केलेली सायकल, तिच्यावरचे ते काळे आवरण, आणि त्यावर बेसावधपणे बसणारा गृहस्थ, हे चित्र अधिक रंगवण्याची गरज नाही. जुन्या मखमली आवरणांची झालर मात्र दिसायला खरोखर सुरेख असे, एवढे त्यांच्या बाजूने म्हटले पाहिजे.

बाकीच्या दागिन्यांचा परामर्श घेण्यात फारसा अर्थ नाही. आरसा थरथरतो आणि मागची मोटार तीन तीन दिसते. रबरी भोंगा उन्हाने तडकतो आणि मग फक्त श्वास टाकतो. पूर्ण चेनकव्हर ही कल्पना चांगली, धोतराला आणि साडीला ती वरदान. पण एकदा ठेचला की पत्रा चेनला घासून असा आवाज करतो की घंटीची गरजच उरत नाही. चाकाच्या मधोमध घालायचे रंगीत लोकरीचे कडे हब पुसून लखलखीत ठेवते, आणि त्या लखलखीत हबवर बसायला आणखी धूळ गोळा करते.

उलट बाजूला काही वस्तूंनी कधीच निराश केले नाही, आणि त्यांची जाहिरात फारशी कोणी केली नाही. कॅरिअर. दोन पायांचा मागचा स्टँड. हवा भरण्याचा पंप, अर्थात त्यातला चामड्याचा वॉशर गोडेतेल लावून ओला ठेवला तर. आणि सर्वांत स्वस्त म्हणजे व्हॉल्व्ह ट्यूब, ती बोटभर बारीक रबरी नळी. जुन्या पद्धतीच्या व्हॉल्व्हवर ती ओढून बसवली की हवा आत जाते, बाहेर येत नाही. उन्हाने ती चिकट होते, फाटते, आणि मग पंक्चर नसताना चाक बसते. जाणता स्वार तिचा एक तुकडा खिशात कागदात गुंडाळून ठेवी. असल्या तुकड्यावाचून नवाकोरा डायनामो लावलेली सायकल हातात धरून कोसभर चालत आलेले लोक जतच्या रस्त्यांनी पाहिले असतील.

आता जिवाचा भाग. वर दिव्याची जी कथा सांगितली तिचा शेवट पेटीत होत नाही. दिव्याने दगा दिलेला माणूस पुन्हा दिवा घेत नाही. महिन्याच्या पगारातून एकदा पैसे काढून फसलेले घर दुसऱ्यांदा काढत नाही, आणि मग ती सायकल वर्षानुवर्षे अंधारातच जाते. पूर्वी समोरून बैलगाडी येई, तिच्या खाली कंदील लोंबे आणि बैलांच्या घुंगरांचा आवाज लांबून कळे. आज त्याच रस्त्यांवरून मालमोटारी आणि हंगामात उसाने खच्चून भरलेले ट्रॅक्टर जातात. जतमधील पुष्कळ कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिमेकडे जातात; पहाटेच्या काळोखातला रस्ता त्यांच्या ओळखीचा आहे. सायकलस्वाराला समोरचे दिसणे जितके आवश्यक, तितकेच मागून येणाऱ्याला तो दिसणे आवश्यक, आणि हे दुसरे काम करणारी वस्तू दिव्याच्या मानाने नगण्य किमतीची आहे. ती म्हणजे मागच्या मडगार्डवरचा तांबडा परावर्तक. त्याला सेल नको, चार्जिंग नको, त्याने स्वाराच्या बळाचा कणही खाऊ नये. त्याच्या आतली बारीक कोनांची घडण अशी असते की प्रकाश जिकडून आला तिकडेच तो परत धाडतो, म्हणून चालकाच्या डोळ्यांना तो दूरवरून पेटलेला दिसतो. मागची गाडी स्वतःच दिव्याविना असली तर मात्र तो आंधळा. भारत सरकारने २०२० मध्ये सायकलीच्या परावर्तकांच्या गुणवत्तेसंबंधी स्वतंत्र आदेश काढला, यावरून त्या लहानशा तुकड्याची किंमत ध्यानात यावी.

मात्र येथेही रस्त्याशी सोयरीक जमवावी लागते. कॅरिअरवर कडब्याची पेंढी किंवा पोते आडवे बांधले की परावर्तक त्याखाली झाकला जातो, आणि जतमध्ये कॅरिअर रिकामे राहणे हे आठवड्यातून एखाद्या दिवसाचे सुख. ओझ्याच्या वेळी उपयोगी पडतात ते पॅडलच्या कडांना बसवलेले नारिंगी तुकडे. ते पोत्याच्या खाली असतात, आणि पायांबरोबर वरखाली होतात. स्थिर तांबडा ठिपका मैलाच्या दगडाचा, थांबलेल्या गाडीचा, कशाचाही असू शकतो; आळीपाळीने वरखाली होणारे दोन ठिपके पाहिले की चालकाला समोर माणूस पॅडल मारतो आहे हे लगेच उमगते. सायकल नवी असते तेव्हा ते बहुधा तिच्यासोबतच येतात. पॅडल झिजले की मिस्त्री जुने काढून नवे बसवतो, जुने भंगारात टाकतो, आणि स्वस्तातल्या नव्या पॅडलला ते तुकडे पुष्कळदा नसतात. गिऱ्हाईक तेव्हा समोरच उभे असते, पण त्याचे लक्ष हँडलवर बसवायच्या नव्या दिव्याकडे असते.